डब्यातली साखर आणि मत्तयाचे दोन अध्याय: सत्कर्म लोकांसमोर करावं का?

पहाटवारा

नमस्कार. दोन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय. थोडं लांबेल.

आमच्या चर्चचं महिला मंडळ दर रविवारी उपासनेनंतर पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे देतं. तीन चपात्या, एक सुकी भाजी, वरण-भात. साठ-पासष्ट डबे होतात. कागदी प्लेटमध्ये वरण सांडतं, शिवाय लोक फुटपाथवरच बसून जेवतात, म्हणून स्टीलचे डबे घेतले. जेवून झालं की डबा गेटजवळच्या चहावाल्याकडे ठेवायचा किंवा पुढच्या रविवारी आणून द्यायचा.

गेल्या महिन्यात तरुण संघातल्या एका मुलाने डबे वाटतानाचे फोटो काढले आणि आधी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग फेसबुकवर टाकले. हेतू चांगलाच होता. महिन्याभरात तांदळाची दोन पोती आली, मदतीला चार नवी माणसं आली. पण त्या फोटोत शिरूरकडच्या एक बाई होत्या. नवरा आत दाखल. हात पुढे करून डबा घेतायत आणि चेहरा अगदी स्पष्ट. फोटो फिरत फिरत त्यांच्या भावाच्या मोबाइलवर पोचला. भावाने फोन करून विचारलं, "आपल्या घरची बाई रस्त्यावर मागून खाते का?"

पुढच्या रविवारी त्या डबा परत द्यायला आल्या. घासून, पुसून, कोरडा. उघडला तर आत चमचाभर साखर. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्या दवाखान्याच्या फुटपाथवरसुद्धा विसरल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, जेवण चांगलं होतं. फोटू नको होता."

त्या दिवशी घरी येऊन मी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान काढलं. पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. पान उलटलं की सहावा अध्याय: लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. डोंगरावरचं एकच प्रवचन, बोलणारा एकच. आमच्या चर्चच्या पंच कमिटीत निम्मे पाचव्याचे आहेत आणि निम्मे सहाव्याचे. या दोन वचनांचा मेळ आजवर ख्रिस्ती विचारवंतांनी कसा घातला? ज्यांनी वाचलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनापाना

पहाटवारा ताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. नगर रोडला काही वर्षं ईशज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकलो, त्या जोरावर लिहितो.

आधी मूळ ग्रीक शब्द पाहू. सहाव्या अध्यायात 'लोकांनी पाहावं म्हणून' यासाठी जे क्रियापद आहे, त्याच धातूपासून थिएटर हा शब्द आला. 'ढोंगी' म्हणून आपण वाचतो तो मूळ शब्द हुपोक्रितेस, म्हणजे रंगमंचावरचा नट. म्हणजे आक्षेप दान दिसण्यावर नाही, दानाचा प्रयोग लावण्यावर आहे. तिसरा शब्द मला सगळ्यात आवडतो. अशा लोकांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय, असं प्रभू म्हणतो, तिथे 'अपेखो' हे क्रियापद आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या पपायरसांवर, पैसे चुकते झाल्याच्या पावत्यांवर हाच शब्द लिहिलेला आढळतो. आपल्या मराठी शास्त्रात त्या जागी 'भरून पावले' आहे. खरेदीखतात लिहितात तेच. टाळ्या मिळाल्या, हिशेब मिटला, देवाकडे बाकी काही उरली नाही.

आता मेळ. सर्वात सविस्तर उत्तर उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टीनचं. साधारण ३९३-३९४ साली, बिशप होण्याआधी, त्याने डोंगरावरच्या प्रवचनावर भाष्य लिहिलं. त्याचं म्हणणं, पाचव्या अध्यायातलं वाक्य अर्ध्यावर सोडू नका. लोकांनी सत्कर्मं पाहावीत 'आणि स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं' असं ते पूर्ण होतं. पाहणं हा मुक्काम नाही, वाटेतला थांबा आहे. सहाव्यात निषेध आहे तो पाहण्यालाच मुक्काम करणाऱ्याचा.

डाव्या हाताबद्दल तर त्याने त्या काळचे सगळे अर्थ तपासलेत. कोणी म्हणे डावा हात म्हणजे अविश्वासी लोक, कोणी म्हणे शत्रू. कोणी म्हणे बायको, कारण बायका पैशाला चिकट, म्हणून नवऱ्याने तिच्या नकळत दान करावं. ऑगस्टीन हा शेवटचा अर्थ साफ उडवून लावतो. तो विचारतो, फक्त पुरुषच ख्रिस्ती आहेत की काय? ही आज्ञा बाईलाही आहे ना? मग तिने कोणापासून लपवायचं, नवरा तिचा डावा हात का? शेवटी तो ठरवतो की डावा हात म्हणजे स्तुतीची गोडी आणि उजवा म्हणजे देवाची आज्ञा पाळण्याचा हेतू. दोन्ही एकाच माणसाला आहेत. गोडी हेतूत मिसळू नये, एवढंच सांगणं आहे.

कॅम्पातली

मी कॅथलिक. दरवर्षी राखेच्या बुधवारी मला नेमका हाच प्रश्न पडतो. त्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, शुभवर्तमान वाचतात ते मत्तय सहाच: उपास करताना तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. आणि लगेच फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात. तो घेऊन मी तशीच बसने ऑफिसला जाते. पहिली काही वर्षं स्टॉपवर यायच्या आधी पुसून टाकायचे. एकदा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "कपाळाला काय लागलंय?" मी सांगितलं, "मी माती आहे, याची आठवण." त्यानंतर पुसणं सोडलं. राख माझा मोठेपणा सांगत नाही, हे त्या दिवशी मला समजलं. डब्याचा फोटो काय सांगतो, हे मात्र विचारायला हवं.

हिशेबनीस

मी एका छोट्या न्यासाचा खजिनदार आहे. इथे सगळे हेतूबद्दल बोलतायत, मला तांदळाबद्दल बोलायचंय.

ताई, दोन पोती आली ती फोटोमुळे आली, हे तुम्हीच लिहिलंत. लोकांना काम दिसलं नाही तर ते देणार कसे? न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, आयकर सवलतीच्या पावतीवर देणाऱ्याचं नाव लागतं, निनावी देणग्यांवर धर्मादाय संस्थेला कर बसू शकतो. आजच्या काळात 'डाव्या हाताला कळू देऊ नका' म्हणून हिशेब झाकता येत नाही, झाकूही नये. गुप्ततेच्या आड किती ठिकाणी पैसे जिरलेत, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या, केडगाव. दौंडच्या अलीकडे, सोलापूर लाइनवर. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या, त्यांना पुढे तिथे ठेवलं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचं दहा वर्षांच्या मदतीचं वचन १८९८ ला संपत होतं. एवढ्या बायकांना खायला काय घालायचं? रमाबाईंनी आपल्या साक्षीत, म्हणजे आत्मकथनात, लिहिलंय की त्यांनी जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. म्यूलर म्हणजे ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळणारा. त्याचा नेम असा की कोणा माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची. पण तोच म्यूलर वार्षिक अहवाल छापून वाटत असे आणि त्यात पैशापैशाचा हिशेब असे. रमाबाईंनीही 'मुक्ती प्रेअर बेल' हे पत्रक काढलं, काम जगाला कळवलं. लपवलं असतं तर केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं असतं का?

सराटा

हिशेबनीस साहेबांचं म्हणणं रास्त आहे. तरी मठवासी लोकांनी यावर जे लिहिलंय ते इथे यायला हवं. दिखाऊपणाच्या या दुखण्याचा अभ्यास त्यांच्याइतका कोणी केला नाही.

माझं बालपण पाथर्डी तालुक्यात गेलं. उन्हाळ्यात शेतातून अनवाणी शाळेत जाताना पायात सराटे घुसायचे. सराट्याचं फळ कसंही फेका, एक काटा वर राहतोच. सातव्या शतकात सिनाई पर्वताच्या मठात योहान क्लिमाकस नावाचा मठाधिपती होता. त्याने 'शिडी' नावाचा ग्रंथ लिहिला, तीस पायऱ्यांचा. त्यात पोकळ कीर्तीच्या हावेबद्दल तो हीच उपमा देतो. ग्रीकमध्ये त्या काट्याला त्रिबोलोस म्हणतात आणि सराट्याचं शास्त्रीय नाव त्यावरूनच पडलंय. तो लिहितो, उपास केला तर मला त्याचा अभिमान वाटतो. लोकांना कळू नये म्हणून उपास सोडला, तर आपण किती शहाणे म्हणून अभिमान वाटतो. चांगले कपडे घातले तरी तेच, साधे घातले तरी तेच. बोललो तरी हरलो, गप्प बसलो तरी हरलो. कसाही टाका, काटा उभाच.

त्याच्या दोनशे वर्षं आधी योहान कासियान हा मठवासी लेखक. त्याने कांद्याची उपमा दिलीय. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला कधीच विसरता येत नाही. एक म्हातारा साधू एका तरुण भावाच्या खोलीपाशी आला. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. शास्त्र म्हणत असेल म्हणून तो दाराशी थांबला. तर तो पोरगा एकटाच, मनातल्या मनात चर्च भरवून, प्रवचन करत होता! प्रवचन संपवलं आणि दीक्षार्थींना, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना, निरोपही दिला. मग म्हाताऱ्याने दार वाजवलं. तरुण ओशाळला, विचारू लागला, कधी आलात, फार वेळ उभे होतात का? म्हातारा हळूच म्हणाला, "आत्ताच आलो, तू निरोप देत होतास तेव्हा."

भोवती वाळवंट, बघायला चिटपाखरू नाही, तरी प्रेक्षक तयार. म्हणून फोटो बंद केले की प्रश्न सुटला, असं मला वाटत नाही. गुपचूप देणारा माणूसही मनात फोटो काढत असतो.

ओवीकर

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतोय. आपल्याकडे गुप्तदान आहे आणि पायरीवर नाव कोरणंही आहे. माझ्या आजोबांनी गावच्या देवळाला फरशी दिली. नाव घालायला नको म्हणाले, पण पुजाऱ्याने आग्रहाने घातलं. लहानपणी त्या नावावर पाय पडू नये म्हणून मी उडी मारून जायचो. आजोबा म्हणाले, "पाय दे. त्यासाठीच आहे ती फरशी." एवढंच आठवलं, म्हणून लिहिलं. चर्चा चालू द्या.

जुनापाना

ओवीकर, तुमच्या आजोबांना नमस्कार.

सराटा काका, चौथ्या शतकातला प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम तुमच्याशी सहमत झाला असता. साधारण ३९० साली अंत्युखियात मत्तयावर प्रवचनं देताना तो म्हणतो, लोकांसमोर देऊनही दिखाऊपणा नसेल असं होऊ शकतं आणि लोकांआड देऊनही दिखाऊपणा असू शकतो. देव कृतीची जागा पाहत नाही, हेतू पाहतो. त्याच्या दुसऱ्या एका लेखात नाट्यगृहाचं चित्र आहे. गावचा धनिक लोकांच्या करमणुकीसाठी पैसा उधळतो. तो आत येताच सगळे उठून उभे राहतात, हात पसरून जयजयकार करतात. कोणी म्हणतं हा दानाची नाईल नदी, कोणी म्हणतं नाईल कसली, हा महासागर. पुढे तो कफल्लक होतो तेव्हा त्याच गर्दीतला एकही जण जवळ फिरकत नाही. नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स पाहिले की मला हा उतारा आठवतो.

पण पंच कमिटीसमोर एकच वाक्य ठेवायचं असेल तर ते पोप महान ग्रेगरीचं ठेवा. तो ५९० ते ६०४ पोप होता. शेतात लपवलेल्या ठेवीच्या दाखल्यावर बोलताना तो म्हणतो, रस्त्याने ठेव उघडी मिरवत नेणारा स्वतःला लुटून घ्यायलाच निघालाय. आणि लगेच सावरतो: याचा अर्थ शेजाऱ्याला आपलं काम दिसू नये असा नव्हे. काम उघड्यावर असावं, हेतू मात्र झाकलेला राहावा. पुढे तेराव्या शतकात ईशज्ञानी थॉमस अक्विनासने कीर्तीची इच्छा मुळातच पाप नाही असं स्पष्ट म्हटलं. ती पोकळ ठरते तीन प्रकारे: गोष्टच कौतुकाजोगी नसते, कौतुक करणाऱ्याला पारख नसते, किंवा ते कौतुक देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या कल्याणाकडे वळत नाही.

पहाटवारा

सगळ्यांचे आभार. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी डिट्रिख बोनहोफरचं नाव काढलं. जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधात उभा राहिला, ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी गेला. १९३७ साली आलेल्या शिष्यत्वावरच्या पुस्तकात त्याने हेच दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवलेत. शिष्याचं जीवन दिसलंच पाहिजे, आणि लपलंही पाहिजे. कोणापासून लपायचं? तो म्हणतो, लोकांपासून नव्हे, स्वतःपासून. नजर पुढे चालणाऱ्या प्रभूवर असेल तर आपण काय चांगलं करतोय, ते आपल्यालाच दिसत नाही.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. इतकं सुंदर उत्तर मी याआधी ऐकलं नव्हतं. तरी मन शांत झालं नाही, आणि का ते आत्ता लिहिता लिहिता कळतंय. ऑगस्टीन, ख्रिसोस्तोम, ग्रेगरी, बोनहोफर, सगळे देणाऱ्याच्या मनात डोकावतायत. त्याचा हेतू, त्याचा अभिमान, त्याचं प्रतिफळ. घेणाऱ्या बाईचं काय? माझा हेतू अगदी गंगेसारखा शुद्ध असता, तरी तिच्या भावाने फोन केलाच असता.

कॅम्पातली

ताई, अगदी नेमकं बोट ठेवलंत. घेणाऱ्याच्या लाजेबद्दलही लिहिलं गेलंय, पण त्याची चर्चा कमी होते.

बायबलमधला प्रेषित पौलच घ्या. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी जेवून मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौल चिडून विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? हेतू वगैरे तो काढतच नाही. समोरचा लाजला, हाच गुन्हा. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अंब्रोज आपल्या पाळकांना सांगतो की पुढे येऊन मागणाऱ्याचंच ऐकू नका, जो दिसायला लाजतो त्याला शोधून काढा.

यातूनच पुढे युरोपात 'लाजणारे गरीब' असा वेगळा वर्गच मानला जाऊ लागला. चांगल्या घरातले, दिवस फिरलेले, मागता न येणारे. १४४० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये अंतोनिनो नावाच्या मठाधिपतीने, जो नंतर तिथला आर्चबिशप झाला, बारा जणांची एक मंडळी उभी केली. अशा घरांना गुपचूप मदत पोचवायची, नावं कुठे फुटू द्यायची नाहीत. ती संस्था आजही चालू आहे. त्यांची परंपरा अशी, की पेटी रिकामी झाली की दाराबाहेर एक मेणबत्ती लावायची. ती दिसली की लोकांनी समजून घ्यायचं आणि पैसे टाकायचे. म्हणजे गरज उघड होते, माणूस नाही. हिशेबनीस दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या मेणबत्तीत दिसतं.

हिशेबनीस

मान्य. मनापासून मान्य. मी देणाऱ्याच्या बाजूनेच विचार करत होतो.

आणि म्यूलरबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, ती आता वेगळ्याच अर्थाने आठवतेय. त्याच्या अहवालात देणगीदारांची नावं छापत नसत. देणाऱ्याला क्रमांक घातलेली पावती मिळे आणि अहवालात तो क्रमांक व रक्कम असे. ज्याने दिलं त्याला आपली रक्कम जमा झालेली दिसे, शेजाऱ्याला नाव कळत नसे. आमच्या न्यासाच्या हॉलमध्ये संगमरवरी पाटी आहे, पाच हजारांच्या वर देणाऱ्यांची. ती काढायचं सुचवणार आहे. नाव वहीत हवंच, कायद्यालाही हवं. भिंतीवर कशाला?

सराटा

पाटी काढली म्हणून पाटी लावू नका म्हणजे झालं. हे थट्टेने म्हणत नाही. माझ्या हातून असं घडलंय. एका आजारी मित्राचं बिल मी निनावी भरलं आणि पुढे सहा महिने कोणीतरी ओळखावं म्हणून वाट पाहत राहिलो. कोणी ओळखलं नाही, तेव्हा मित्राचाच राग आला. त्याबद्दल क्षमेची प्रार्थना मी अजून करतो.

पहाटवारा

काका, हे लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. धन्यवाद.

काल कमिटीची बैठक झाली. धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं. फेसबुकवरचे जुने फोटो काढून टाकले. ते पोर स्वतःहून म्हणालं, "मावशी, मी त्या बाईंकडे बघितलंच नव्हतं, फ्रेम बघत होतो." यापुढे पातेल्यांचे, शिगेवर भरलेल्या डब्यांचे फोटो चालतील, आमचे कांदे चिरतानाचेही चालतील, घेणाऱ्याचा एकही नाही. दर महिन्याचा हिशेब चर्चच्या फलकावर लागेल: किती डबे, किती किलो तांदूळ, किती जमा, किती खर्च. नावं नाहीत. दोन जणांनी विरोध केला, नावं नसली तर देणगी आटेल म्हणाले. तसं होऊही शकतं. जूनपर्यंत पाहू.

शिरूरच्या बाईंची माफी मागायला गेले होते. नवऱ्याला डिस्चार्ज मिळून ते गावी गेले, असं वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. फोन नंबर आमच्याकडे नाही. ती साखर मी फेकली नाही, रविवारी चहात घातली आणि सगळ्याजणी प्यायलो.

या रविवारी पोळ्या लाटायला तीन हात कमी आहेत. नाना पेठेजवळ कोणी असेल तर सकाळी साडेसहाला या. पोळपाट आमच्याकडे आहे, लाटणं आपापलं आणा.